कागदी रणगाडा डगमगतो, चाकं अधांतरी राहतात: कारणं आणि उपाय

१:२५ च्या (खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या) कागदी रणगाड्यांबद्दल सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार अशी: हल (रणगाड्याचं मुख्य धड) जोडून झाला, चाकं बसली, आणि टेबलावर ठेवलं तर एक कोपरा हवेत. बोटाने दाबलं की टेकतो, सोडलं की पुन्हा उठतो. बडोद्यात ही तक्रार वर्षातून दोनदा वाढते. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, हवा ओली असताना. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, कारण गणपतीच्या दिवसांत ओल्या हवेत जोडलेला हल तोपर्यंत वाळून आकसलेला असतो.

बहुतेक जण आधी चाकांनाच हात घालतात. अधांतरी चाकाला कागदाची पट्टी गुंडाळायची किंवा टेकलेलं चाक घासायचं. कृपया हे सगळ्यात शेवटी करा. दोष दिसतो चाकात, पण दहापैकी आठ वेळा तो सांगाड्यात किंवा गोंदात असतो. चाकं घासून बसली, तरी ऋतू बदलला की तीच चाकं पुन्हा उठतात, आणि आता ती एकसारख्या मापाचीही उरलेली नसतात.

लक्षणं

वाकडेपणाचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी, म्हणून आधी प्रकार ओळखा.

पीळ: कर्णावरचे दोन कोपरे, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा (किंवा उलट), उचललेले असतात. एक दाबला की दुसरा आणखी वर जातो.

बाक: दोन्ही टोकं टेकलेली आणि मधली चाकं हवेत, किंवा मधली टेकलेली आणि टोकं हवेत. डावी-उजवी बाजू सारखीच वागते.

एकच चाक हवेत: बाकी सगळी टेकलेली. हलचा यात काही दोष नसतो, आस चुकलेला असतो.

एक अख्खी बाजू उंच: रणगाडा एका अंगाला झुकलेला दिसतो. एका बाजूच्या प्लेटवरची आसांची भोकं सरसकट वर किंवा खाली पडलेली असतात.

फासळ्या दिसणं: बाजूच्या प्लेटवर तिरका उजेड पडला की आतल्या फासळ्यांच्या (सांगाड्याच्या आडव्या पुठ्ठ्यांच्या) रेषा उमटतात आणि मधला कागद आत बसलेला दिसतो.

शिवण उघडणं: पुढच्या उतरत्या प्लेटची कड किंवा फेंडरचा (चाकांवरच्या मडगार्डचा) सांधा पावसाळ्यात उकलतो.

सेंच्युरियनसारख्या रणगाड्यात बाजूच्या झडपांमुळे चाकांचा बराच भाग झाकला जातो आणि पीळ लवकर लक्षात येत नाही. तिथे झडपेची खालची कड आणि टेबल यांच्यातलं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा.

१. काच आणि चिठ्ठ्या

खर्च काही नाही. खिडकीच्या काचेचा ५ मिमी जाडीचा तुकडा घ्या. टेबलाचा सनमायका किंवा लादी सपाट वाटते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. मॉडेल काचेवर ठेवा. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) साध्या झेरॉक्स कागदाच्या बोटभर रुंद चिठ्ठ्या कापा. या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, त्यामुळे चाकाखाली पाच चिठ्ठ्या सरकल्या तर फट अर्ध्या मिमीची आहे.

प्रत्येक चाकाखाली चिठ्ठ्या सरकवून आकडा कागदावर लिहा. टी-५५ किंवा टी-३४ असेल तर बाजूला पाच पाच, म्हणजे दहा आकडे. विजयंता असेल तर बारा. मग मॉडेल उलट्या तोंडाने फिरवून पुन्हा मोजा. आकडे चाकांबरोबर फिरले तर दोष मॉडेलमध्ये आहे. जागच्या जागी राहिले तर काचेखालचं टेबल किंवा काच वाकडी आहे.

हे आकडे जपून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी झाल्यावर पुन्हा मोजायचं आहे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. फट तीन चिठ्ठ्यांच्या आत असेल तर हलला हात लावू नका. ट्रॅक (चाकांभोवतीचे कड्यांचे पट्टे) बसले की ती दिसतही नाही.

२. दोन दिवस कोरड्या डब्यात

घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात मॉडेल ठेवा, सोबत कापडी पुरचुंडीत १०० ग्रॅम सिलिका जेल. जेलचा मॉडेलला स्पर्श नको. अठ्ठेचाळीस तास झाकण उघडू नका, मग पुन्हा चिठ्ठ्या लावा.

फट निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आली तर मुख्य कारण दमटपणा आहे आणि कापाकापीची गरज नाही. मॉडेल कोरडं असतानाच त्यावर रंगहीन अॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात मारा आणि ते बंद काचपेटीत ठेवा. हलच्या आतली बाजू उघडी असेल तर तिथेही स्प्रे गेला पाहिजे. फक्त बाहेरून बंद केलेला कागद आतून ओल घेत राहतो आणि एका बाजूनेच फुगून आणखी वळतो.

निळ्या सिलिका जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो. जेल गुलाबी झाल्यावर ते तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा खाण्याच्या ओव्हनमध्ये तापवू नका. नारिंगी जेल मिळालं तर तेच घ्या.

हेअर ड्रायरने घाईत वाळवणं टाळा. एक बाजू आधी वाळते, आकसते, आणि असलेल्या पिळात नव्याची भर पडते.

३. ट्रॅकचा ताण

हल ट्रॅक लावण्याआधी सरळ होता आणि नंतर बिघडला, असं असेल तर इथेच थांबून हे तपासा. घट्ट ट्रॅक आयडलर (एका टोकाचं मोकळं फिरणारं चाक) आणि स्प्रॉकेट (दुसऱ्या टोकाचं, ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) यांना एकमेकांकडे ओढतो. आधी आस कलतो, मग हलची बाजूची प्लेट आत दबते. डाव्या आणि उजव्या ट्रॅकचा ताण वेगळा असेल तर पीळ पडतो.

ट्रॅकचा खालचा सांधा, दोन चाकांच्या मधला, ब्लेडने सोडवा आणि पुन्हा चिठ्ठ्या लावा. चाकं टेकली तर काम झालं. एक कडी वाढवा किंवा सांध्याजवळ २-३ मिमी ढील द्या. टी-३४ आणि टी-५५ या दोन्हींत ट्रॅकला वरून आधार देणारे छोटे रोलर नाहीत, वरचा पट्टा थेट मोठ्या चाकांवर विसावतो. खऱ्या रणगाड्यातही तो मधे मधे लोंबतो, त्यामुळे ही ढील मॉडेलला शोभतेच. टी-३४ च्या एका ट्रॅकमध्ये ७२ कड्या असतात. तुमच्या मॉडेलमध्ये तेवढ्या बसत नसतील तर कड्या मोठ्या छापल्या गेल्या आहेत किंवा हल लहान, आणि मग पुढची तपासणी महत्त्वाची.

४. प्रिंटचं माप

बहुतेक पानांवर १०० मिमीची मोजणी-रेषा दिलेली असते. सगळ्या पानांवर ती स्टीलच्या पट्टीने मोजा, उभी आणि आडवी दोन्ही. छापताना ‘फिट टू पेज’ राहून गेलं की चित्र साधारण ९६-९७ टक्क्यांवर येतं. पूर्ण मॉडेल त्याच मापात असेल तर फक्त लहान होईल, वाकडं होणार नाही. घोटाळा होतो तो सांगाड्याची पानं एका दिवशी एका दुकानात आणि आवरणाची पानं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे छापली तर. टी-३४ चा हल ६.१ मीटर लांब, म्हणजे १:२५ मध्ये २४४ मिमी. तीन टक्क्यांचा फरक पडला की आवरण आणि सांगाडा यांच्यात सात मिमीहून जास्त अंतर येतं, आणि ते अंतर ओढूनताणून बसवलं की हल पिळतो.

लेझर प्रिंट गरम होऊन, कोरडा होऊन बाहेर पडतो. तो लगेच कापू नका. पानं मोकळी करून एक दिवस खोलीच्या हवेत पडू द्या, मग कापा.

५. खाचा

बाकाचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं, आणि ते शोधायला फार कमी जण जातात.

सांगाडा म्हणजे लांबीचा कणा आणि त्यात खाचांनी बसणाऱ्या आडव्या फासळ्या. नकाशात खाच १ मिमीची दिलेली असते आणि आपण १ मिमीचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा) आणतो. पण त्यावर सांगाड्याचं छापील पान चिकटवतो तेव्हा पुठ्ठा १ मिमीचा राहत नाही. १६० जीएसएमच्या कागदावर छापलं असेल तर जाडी जवळजवळ १.२ मिमी होते. आता १ मिमीच्या खाचेत १.२ मिमीची फासळी शिरते ती पाचरीसारखी. एका खाचेत ०.२, सहा फासळ्यांच्या सहा खाचांत मिळून १.२ मिमी. काही भाग पुठ्ठा दबून जिरतो, उरलेला बाकात उतरतो. कण्याच्या ज्या कडेवर खाचा आहेत ती कड लांब होते आणि त्या बाजूला फुगते. खाचा वरच्या कडेला असतील तर मध्यभाग वर उचलतो आणि मधली चाकं हवेत जातात. खालच्या कडेला असतील तर उलट.

पुठ्ठ्याची जाडी मोजायला व्हर्निअर नसेल तर पुठ्ठ्याचे दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. दुकानात ‘एक मिमी’ म्हणून मिळालेला बोर्डही प्रत्येक खेपेला एकसारखा नसतो.

खाच बरोबर आहे की नाही, याची हाताची खूण: फासळी बोटाच्या हलक्या दाबाने आत जावी, आणि कणा उलटा धरला तर आपोआप गळू नये. ठोकावी लागली तर खाच अरुंद आहे.

उपाय: सांगाड्याची पानं नेहमी ८० जीएसएमवर छापा. जोडलेला सांगाडा अजून उघडा असेल तर फासळ्या सोडवा, खाचेच्या दोन्ही भिंतींवरून थोडं थोडं ब्लेडने कापा. एकाच भिंतीवरून कापलं तर फासळी सरकते आणि आवरणाच्या रेषा जुळत नाहीत. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून एकदा आतून फिरवा.

६. ग्रेन आणि गोंद

कागद आणि पुठ्ठ्यातले तंतू बनतानाच एका दिशेला लागतात. तीच त्याची ग्रेन. ओल लागली की प्रत्येक तंतू जाड होतो, लांब फारसा होत नाही. म्हणून कागद ग्रेनला आडवा बराच फुगतो आणि ग्रेनच्या दिशेने अगदी थोडा. कण्याची ग्रेन लांबीला आडवी पडली आणि फुगवटा अर्धा टक्का जरी धरला, तरी २४४ मिमीची पट्टी सव्वा मिमीने वाढते. डावी बाजूची प्लेट एका दिशेने आणि उजवी दुसऱ्या दिशेने कापली असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाढतात आणि हल पिळतो. कागद वाचवायला पानावर भाग आडवे-उभे बसवले की नेमकं हेच होतं.

ग्रेन ओळखायला पाच सेमीचा चौकोनी तुकडा कापा, कोणती कड पानाच्या कोणत्या बाजूची ते पेन्सिलने लिहा, आणि एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तुकडा नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ग्रेन त्या दिशेला. मग अख्ख्या पानाच्या मागे पेन्सिलने बाण काढून ठेवा.

कणा, बाजूच्या प्लेट, फेंडर यांची ग्रेन लांबीच्या दिशेला ठेवा. तोफेच्या नळीचीही लांबीला, म्हणजे कागद सुरकुती न पडता गोल वळतो. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवायचे असतील तर दोन्हींची ग्रेन एकाच दिशेला. दोन थर आडवे-उभे चिकटवले की पुठ्ठा हमखास वळतो. आडवा-उभा करायचाच असेल तर तीन थर घ्या, मधला आडवा.

गोंदाकडे वळू. फेविकॉलमध्ये पाणी असतं. मोठ्या पृष्ठभागावर तो पसरला की कागद आधी फुगतो, त्याच फुगलेल्या मापात चिकटतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. फासळ्या बाहेरून दिसतात त्याही याच कारणाने: बाजूच्या प्लेटला फासळ्यांच्या कडेवर भरपूर गोंद लावला की तेवढ्या पट्ट्या ओढल्या जातात. तिथे प्लेटच्या मागे आधी ०.५ मिमी पुठ्ठ्याचं अस्तर चिकटवा, मग फासळीच्या कडेवर टाचणीच्या टोकाने गोंदाचे ठिपके द्या.

मोठे पृष्ठभाग चिकटवायला फेविबाँडसारखं रबरी चिकटण बरं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, बोटाला ओलं लागेनासं झालं की जोडा. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून एका कडेपासून सुरुवात करा. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्याला चढतो. हे चिकटण काही वर्षांनी पिवळं पडतं आणि पातळ कागदातून डाग वर येतात, तेव्हा ८० जीएसएमच्या बाहेर दिसणाऱ्या भागांना ते लावू नका. फेविकॉलच वापरायचा असेल तर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तितक्याच जाडीचा कोरा कागद लावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. दोन लाद्यांमध्ये, वर चार-पाच किलो वजन ठेवून, एक दिवस दाबून ठेवा.

बडोद्यात पुठ्ठे चिकटवायला दिवाळीनंतरचे महिने उत्तम, आणि उत्तरायणाच्या आसपासची कोरडी हवा तर फारच चांगली. पावसाळ्यात लागणारे सगळे पुठ्ठे तेव्हाच चिकटवून, दाबून, पिशवीत बंद करून ठेवले तर पुढचा निम्मा त्रास होतच नाही.

७. आस

एकच चाक हवेत असेल तर भोकात २ मिमीची सरळ तार घाला. सायकलचा जुना स्पोक चालतो, तो बहुतेक वेळा २ मिमीचाच असतो. तार दोन्ही बाजूंच्या भोकांतून आरपार जाऊन काचेला समांतर राहिली पाहिजे. नाही राहिली तर चुकलेलं भोक लाकडी काडी आणि फेविकॉलने बुजवा, एक दिवस वाळू द्या, नव्या जागी भोक पाडा. भोकाची कड पिचली असेल तर फेविक्विकचा एक थेंब मुरू द्या, मग पॉलिश पेपर फिरवा. टी-३४ चं चाक ८३० मिमी व्यासाचं, म्हणजे मॉडेलमध्ये ३३.२ मिमी. दहाही चाकं या मापाला ०.२ मिमीच्या आत येतात का, ते आस हलवण्याआधी बघा.

८. पोट उघडणं

एवढं सगळं करूनही पीळ एक मिमीहून जास्त असेल तरच हे करा. बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं हाताने पिळता येतं, झाकण बसलं की येत नाही. हलचंही तसंच आहे: पिळला असतानाच वरची प्लेट बसली तर तो त्याच आकारात पक्का होतो. म्हणून तो उघडून, सरळ करून, पुन्हा बंद करावा लागतो.

ट्रॅक आणि चाकं काढा. तळाची प्लेट नव्या ब्लेडने तिन्ही कडांवरून सोडवा, मागची कड बिजागरीसारखी राहू द्या. मॉडेल आधी एक दिवस सिलिका जेलच्या डब्यात कोरडं केलेलं असावं. आता हल काचेवर ठेवा. जे दोन कोपरे टेकलेले होते त्यांच्याखाली, मोजलेल्या फटीच्या साधारण निम्म्या चिठ्ठ्या सरकवा, आणि उचललेल्या दोन कोपऱ्यांवर अर्ध्या अर्ध्या किलोची तांदळाची पाकिटं ठेवा. म्हणजे हल थोडा उलट्या बाजूला पिळला जाईल, कारण सोडल्यावर तो काही प्रमाणात परत येतोच.

हल काचेवर असला की उघडा तळ खाली झाकला जातो, मग तळातून काम होणार नाही असं वाटेल, पण हल उलटा करून, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) जागेभोवतीची वरची प्लेट काचेवर टेकवून हेच करता येतं. तेव्हा चिठ्ठ्या आणि वजनं वरच्या प्लेटच्या कोपऱ्यांना लागतात, आणि उलटताना कोपऱ्यांची अदलाबदल होते, म्हणून कोपऱ्यांवर आधीच खुणा करा.

प्रत्येक दोन फासळ्यांच्या मधल्या कप्प्यात १ मिमी पुठ्ठ्याच्या १० मिमी रुंद पट्ट्या कर्णावर फुलीसारख्या बसवा. पट्ट्यांची ग्रेन लांबीला. टोकांना फेविकॉल जपून लावा. चोवीस तास वजन हलवू नका. मग तळाची प्लेट परत चिकटवा, वजन तसंच ठेवून आणखी एक दिवस. नंतर वजन काढून चिठ्ठ्या लावा आणि पहिल्या आकड्यांशी ताडून बघा.

थांबायचं कधी, आणि कोणाकडे जायचं

पोट उघडून, फुल्या मारून, दोन दिवस वाळवूनही पीळ एक मिमीहून जास्त राहिला तर त्या हलवर आणखी गोंद ओतू नका. सांगाडा मुळात चुकीचा कापला गेलाय. टरेट, चाकं, ट्रॅक, अवजारांच्या पेट्या काढून ठेवा आणि फक्त हल नव्याने करा. हाताने खाचा सरळ येत नसतील तर सांगाड्याची व्हेक्टर फाइल लेझर कटिंगवाल्याकडे द्या. पूर्ण काम देण्याआधी त्याच पुठ्ठ्यावर ०.९, १.०, १.१ आणि १.२ मिमीच्या खाचांची एक चाचणी पट्टी कापून मागा आणि जी खाच बोटाच्या दाबाने बसते तिचंच माप फाइलमध्ये ठेवा. लेझरच्या कडा तपकिरी जळतात, सांगाड्याला त्याने काही बिघडत नाही, बाहेर दिसणारे भाग मात्र हातानेच कापा.

१०० मिमीची रेषा उभी बरोबर आणि आडवी चुकीची येत असेल तर ते प्रिंटरचं दुखणं आहे. सेटिंगशी खेळत बसू नका, मेकॅनिकला दाखवा किंवा दुसऱ्या दुकानात छापा.

काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी आहे. मॉडेल लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, पिशवीत बंद करा, ओल्या फडक्याने पुसू नका. विश्वामित्रीच्या पुराच्या पाण्यात भिजलेल्या मॉडेललाही हेच लागू. ते पाणी घाण असतं, मॉडेल उघडायचं तर मास्क आणि हातमोजे घालून. छापील मॉडेल पुन्हा मिळणारं असेल तर ते टाकून द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेलं, किंवा आता न मिळणाऱ्या छापील संचातलं असेल तर स्वतः प्रयोग करू नका. कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग आहे, अशा जाणकाराची चौकशी तिथून सुरू करता येईल. पुठ्ठ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. मॉडेल बाजूला ठेवा आणि आधी कपाटाच्या मागची भिंत तपासायला पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.